दिवा धरायला कोणी सांगितलं

त्या दुपारी आबांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी कोणीच आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसलं नाही, आणि तिथंच वहिनीच्या मनात पाल चुकचुकली.

एरवी या घरातल्या जागा ठरलेल्या. आबा खिडकीकडे पाठ करून. त्यांच्या उजव्या हाताला दादा, एक तर थोरला म्हणून आणि दुसरं म्हणजे आबांच्याच कारखान्यात आबांच्याच खुर्चीपर्यंत पोचत आलेला म्हणून. ताई दाराशी, कारण तिला जेवता जेवता चारदा उठायची खोड. आणि बारक्या उरलेल्या जागी. पस्तिशी उलटली, लढाऊ विमानं चालवून डोक्याचे केस विरळ झाले, तरी घरात तो बारक्याच होता आणि उरलेल्या जागीच बसत होता. आज मात्र दादा सगळ्यांच्या आधी आला आणि आबांच्या बरोबर समोर जाऊन बसला, जिथून प्रत्येकाचं तोंड दिसेल असा. ताईनं ते पाहिलं. एक शब्द न बोलता तिनं आपली खुर्ची ओढली आणि बारक्याला चिकटून बसली.

झाले दोन पक्ष. मधे भाताचं भांडं.

वहिनी म्हणजे दादाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा बारक्या शाळेत होता, आणि तो दिवसभर 'वहिनी वहिनी' करत मागे फिरायचा, त्यामुळे तेच तिचं नाव पडून गेलं. कधी कधी आबासुद्धा चुकून तिला वहिनी म्हणत आणि मग स्वतःवरच वैतागत. आज ती कुठल्या पक्षात, हे अजून कोणी ठरवलं नव्हतं. तिनंही नाही.

"वाढ ना, बघत काय बसलीस," दादा म्हणाला.

"बारक्याला आधी वाढते. त्याला पुढे वाकता येत नाही."

बारक्याच्या कंबरेला डॉक्टरांनी रुंद पट्टा आवळला होता. महिन्यापूर्वी तो एकाच इंजिनावर विमान परत घेऊन आला, उतरताना एक चाक मोडलं आणि पाठीचा मणका दुखावला. पण घरातल्या कोणाचीही झोप त्या मणक्यानं उडवली नव्हती. झोप उडाली होती ती उद्याच्या चौकशी समितीनं.

घडलं होतं ते असं. कारखान्याच्या नव्या क्षेपणास्त्राची शेवटची चाचणी होती. समोरून बिनमाणसाचं निशाण-विमान येणार, बारक्यानं लांबूनच क्षेपणास्त्र सोडायचं आणि लगेच वळून बाजूला व्हायचं. क्षेपणास्त्रानं निशाण गाठलं, तुकडे केले, कारखान्यात टाळ्या पडल्या. फक्त बारक्या वळला नव्हता. तो नाक समोर ठेवून सरळ जात राहिला, निशाणाच्या तुकड्यांतून गेला आणि एक इंजिन ते तुकडे गिळून बंद पडलं. का वळला नाहीस, असं आल्या आल्या विचारलं, तर गडी गप्प. महिनाभर गप्पच होता.

या घराला त्या गप्प बसण्याचा अर्थ इतरांपेक्षा जास्त कळत होता, कारण हे घरच क्षेपणास्त्रांवर जगलेलं. आबांनी उभी हयात 'आंधळं' बनवण्यात घालवली. कारखान्यात त्याला सगळे आंधळंच म्हणत. त्याला स्वतःचं रडार नसे. विमानाच्या रडारनं निशाणावर झोत टाकायचा आणि तिथून उलटणाऱ्या लहरी हुंगत आंधळ्यानं निघायचं. म्हणून वैमानिकानं क्षेपणास्त्र लागेपर्यंत नाक निशाणावरच रोखून ठेवायचं. आबा याला 'दिवा धरणं' म्हणत. मुलं लहान असताना ते दिवे घालवून त्यांना हा खेळ शिकवायचे. बारक्यानं बॅटरी धरायची आणि भिंतीवर जिथं उजेड पडेल तिथं दादानं चेंडू मारायचा. चेंडू चुकला की दादा ओरडायचा, "हलवू नकोस रे!" आणि बारक्या श्वाससुद्धा रोखून धरायचा.

दादानं बनवलं ते 'डोळस'. याच्या नाकातच छोटं रडार होतं. सुटल्यावर काही वेळ विमान त्याला निशाण कुठं सरकतंय ते कळवत राहतं, मग निशाण जवळ आलं की क्षेपणास्त्र आपला डोळा आपणच उघडतं आणि पुढचं बघून घेतं. वैमानिकानं खुशाल पाठ फिरवावी. दादाच्या कर्तबगारीचं सगळं सार या पाठ फिरवण्यात होतं. समितीचा अहवाल गेला की कारखान्यात डोळसची घाऊक निर्मिती सुरू व्हायची होती आणि दादा सगळ्या कारखान्याचा प्रमुख.

"उद्याचं काय ते बोलून घेऊ," दादानं घास गिळून सुरुवात केली. "बारक्या, तुला विचारतील, का नाही वळलास. सरळ सांग, क्षणभर भान सुटलं. माणूस आहे, होतं असं. विषय मिटला."

"विषय मिटला की बारक्या मिटला?" ताई म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस."

"का नको? भान सुटलेल्या माणसाच्या हातात परत विमान देतात का रे? आजवर एकाला तरी दिलेलं पाहिलंयस का तू?"

"शिकवायला ठेवतील त्याला. वर्गात. पगार तोच, पाठीला आराम."

"वर्गात! याला! अरे, हा शाळेत तरी वर्गात बसायचा का?"

आबा हसले नाहीत. बारक्या किंचित हसला आणि पट्टा रुतला म्हणून थांबला. वहिनीला त्याची दया आली. विमानाखेरीज या पोरानं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं, लग्नसुद्धा राहून गेलं. आता सख्खा भाऊ समोर बसून तेवढंच सोड म्हणत होता, आणि तेही भात कालवता कालवता.

"तू बोल ना काहीतरी," ती बारक्याला म्हणाली.

"काय बोलू वहिनी? बघू उद्या."

"उद्या बघून चालणार नाही," दादा म्हणाला. त्यानं चमचा खाली ठेवला आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत सावकाश बोलला, "समितीला वास लागलाय. याला आधी कोणीतरी काहीतरी सांगून ठेवलं होतं, असा. आणि ते कोण, हे मला आज कळायला हवं."



"सांगून ठेवलं म्हणजे?" आबांनी विचारलं.

"म्हणजे डोळसवर विसंबू नकोस, दिवा धरूनच ठेव, असं काही. कारखान्यातल्या कोणीतरी. नाहीतर घरातल्या."

"घरातल्या म्हणजे माझ्याकडेच बघून म्हणतोयस ना?" ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हवाई तळावर तू असतेस. दिवसभर वैमानिकांच्यात असतेस. कोण काय बोलतं ते तुझ्या कानावर पडतं आणि तुझ्या पोटात काही राहत नाही, हे जगजाहीर आहे."

ताई पॅराशूट विभागात होती. वैमानिकाच्या आसनाखाली जे पॅराशूट असतं, ते लांबच लांब टेबलावर पसरून, तपासून, त्याच्या घड्या घालणं हे तिचं काम. घरीसुद्धा ती हात पुसायच्या फडक्याची घडी इतकी काटेकोर घाली की उलगडायला जिवावर यावं. आत्ताही तिनं समोरचं फडकं ओढून घेतलं आणि बोलता बोलता त्याच्या घड्या घालायला लागली.

"मी कापड दुमडते, दादा. तुझ्या त्या नळकांड्याच्या पोटात काय चालतं ते मला काय ठाऊक? ते ठाऊक असलेलं माणूस इथं दुसरंच आहे."

आणि तिनं वहिनीकडे पाहिलं. बारक्यानं पाहिलं नाही, त्यानं मुद्दाम ताटात पाहिलं. दादानं मात्र पाहिलं, आणि नजर काढून घेतली नाही.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं या घरात राहून शेवटी संशयाची सुई फिरून आली ती तिच्यावरच, आणि नवरा 'छे, ती कशाला सांगेल' एवढंही म्हणेना.

ताईचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. वहिनी त्याच कारखान्यात थंडपेटी सांभाळायची. विमान तासन्‌तास उंचावर फिरतं तेव्हा पंखाखाली टांगलेलं क्षेपणास्त्र बर्फाहून थंड होतं. तसंच ते कारखान्यातल्या मोठ्या पेटीत गारठवायचं आणि मग त्याचा डोळा वेळेवर उघडतो का ते पाहायचं. एरवी उघडायचा. पण एकदा पेटी बराच वेळ चालवली आणि डोळा उशिरा उघडला. परत केलं, परत उशीर. तिनं ते दुसऱ्या कोणालाही न सांगता घरी येताना गाडीत दादाला सांगितलं. तो म्हणाला होता, "तुझ्या पेटीतली वायर गारठते गं, डोळा नाही. वायर बदल." दुसऱ्या दिवशी त्यानंच नवी वायर पाठवली आणि पेटी थोडाच वेळ चालवायची असंही ठरवून दिलं. डोळा वेळेवर उघडला. तिनं विश्वास ठेवला. नवऱ्यावर नाही तर कोणावर ठेवायचा?

"मी बारक्याला काही सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "विचारा त्याला."

"कोणीच काही सांगितलं नाही," बारक्या घाईघाईनं म्हणाला. "उगाच एकमेकांच्या मागे लागू नका."

फार घाईघाईनं म्हणाला. वहिनीला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आबा एवढा वेळ भात चिवडत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि कामावर असताना विचारत तशा कोरड्या आवाजात विचारलं, "बारक्या, निशाणाकडे वळायच्या आधी बराच वेळ हवेत होतास ना? किती उंचावर?"

"नेहमीपेक्षा खालीच होतो आबा. मुद्दाम खाली राहिलो. म्हटलं, जास्त गारठायला नको."

"कोण गारठायला नको? तू?" ताई म्हणाली.

"नाही, म्हणजे... असंच." बारक्यानं पाण्याचा पेला उचलला आणि ओठाला लावला, पण त्यात पाणीच नव्हतं.

ताईच्या ते लक्षात आलं नाही. दादा खिडकीबाहेर बघायला लागला. आबांनी पेला बघितला, मग बारक्याला बघितलं, आणि मग सरळ वहिनीकडे पाहून ते खुर्चीवरून उठले.

"पाणी आणतो. तू ये गं जरा, मला माठ उचलत नाही."

स्वयंपाकघरात माठ नव्हताच. नळ होता. आबांनी खाली भांडं लावून तो सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आणि ओट्याला टेकून उभे राहिले. म्हातारपणानं माणूस वाकला होता, पण डोळे तसेच होते, कारखान्यात ज्यांना लोक टरकायचे ते.

"गारठण्याचं काय आहे?" त्यांनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. पेटी, उशीर, वायर, कमी केलेला वेळ. आबांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. चेहऱ्यावरून ते तिला ताकास तूर लागू देईनात.

"मग तू बारक्याला सांगितलंस," ते शेवटी म्हणाले. "रागावणार नाही मी. दीर आहे तुझा, लहानाचा मोठा झालेला पाहिलास. माया असते."

"नाही सांगितलं, आबा. सांगायला हवं होतं असं आत्ता वाटतंय. पण मला तर वायर बदलल्यावर सगळं ठीकच आहे असं वाटत होतं. मी कशाला सांगेन?"

"मग बाकी कोणाला माहीत होतं?"

"पेटीपाशी त्या दिवशी मी एकटीच होते. मला माहीत होतं."

तिचं वाक्य तिथंच अडलं. पुढचं तिला बोलायला लागण्याआधी दिसलं. पाणी भांड्यातून ओसंडून वाहायला लागलं होतं, आणि दोघांपैकी कोणीही हात पुढे करत नव्हतं.

"आणि ज्याला मी सांगितलं, त्याला," ती म्हणाली.

दारातून टेबल दिसत होतं. दादा बारक्याच्या ताटात स्वतःच्या हातानं भात वाढत होता आणि हळू आवाजात काहीतरी समजावत होता. बारक्या मान हलवत होता. ताई त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

वहिनीला एकदम सगळंच उलगडलं. घरातला फितूर कोण, हे दादाला शोधायचं नव्हतंच. बारक्यानं कोणापाशी तोंड उघडलंय का, याची तो चाचपणी करत होता. सगळ्यांची तोंडं दिसतील अशी जागा त्यानं त्यासाठी धरली होती. आणि तिच्याकडे त्यानं बोट जाऊ दिलं, स्वतःच्या बायकोकडे. तिला रडू आलं नाही, शिसारी आली.

आबांनी नळ बंद केला. "तू विचारतेस की मी विचारू?"

"मीच विचारते."

ती बाहेर आली, पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "कधी सांगितलंस तू बारक्याला?"

"काय?" दादा म्हणाला.

"गारठल्यावर डोळा उशिरा उघडतो, हे."

"काहीतरीच काय बोलतेस! मी कशाला..." दादानं कानावर हात ठेवायला घेतले.

"वहिनी, राहू दे ना," बारक्या म्हणाला. विनवून म्हणाला, आणि त्या विनवण्यातच सगळं उघडं पडलं.

दादाच्या ते ध्यानात आलं. त्यानं बारक्याकडे रागानं पाहिलं, मग खांदे पाडले. थोडा वेळ तो टेबलावर सांडलेली शितं बोटानं गोळा करत बसला.

"हो. मी सांगितलं," तो म्हणाला. "लांबची फेरी झालेली असेल तर सोडल्या सोडल्या वळू नकोस, शेवटपर्यंत दिवा धर, म्हणजे डोळा उशिरा उघडला तरी मधे विमान सांभाळून घेतं. झालं समाधान? माझा भाऊ आहे तो. त्याला काही होऊ नये म्हणून सांगितलं. गुन्हा केला?"

ताईच्या हातातली घडी थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग असं आधी का नाही बोललास रे? आणि मी मेली तुझ्याशी भांडत बसले. बारक्या, तू पण! भावाला वाचवायला गप्प बसलास होय महिनाभर?"

"त्यानं माझ्यासाठी जोखीम घेतली होती," बारक्या म्हणाला. "त्याचं नाव कसं घेणार? बॅटरी धरायची सवय आहेच मला."

क्षणभर टेबलाशी पूर्वीचं घर परत आल्यासारखं झालं. ताईनं डोळे पुसले, दादानं बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी एकटी उभी होती आणि तिला वाटलं, आता हे सगळे एक होतील आणि वाईट ठरेन मी.

पण आबा बसले नव्हते. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून ते उभे होते.

"एवढं सांग," ते दादाला म्हणाले. "निशाण बिनमाणसाचं होतं. ते उलटून गोळी मारणार नव्हतं. डोळसचा डोळा उघडला नसता तर काय झालं असतं? चुकून समुद्रात पडलं असतं. बारक्या वळून घरी आला असता, धड पाठीनं. मग त्या दिवशी याच्या जिवाला धोका कसला होता, ज्यासाठी तू याला सांभाळलंस?"

दादानं गोळा केलेली शितं ताटाच्या कडेला लावली.

"कधी सांगितलं यानं तुला?" आबांनी बारक्याला विचारलं.

"चाचणीच्या आदल्या दिवशी," बारक्या म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. खांद्यावरचा हात त्यानं झटकला नाही. तो फक्त थोडा सरकून बसला आणि हात आपोआप खाली आला.

"दिवा तू धरलास म्हणून चाचणी पार पडली," आबा म्हणाले. "नाहीतर त्याच दिवशी खोट उघडी पडली असती. याला भाऊ नको होता. याला बॅटरी धरणारा हवा होता."

"असं नाही आबा!" दादा ओरडला. "खोट मी काढणारच होतो. पुढच्या तुकडीत काढणारच होतो! एवढ्यासाठी सगळं थांबवलं असतं तर दुसऱ्या कोणाचा तरी माल घेतला असता त्यांनी. तुमच्या आंधळ्यात काय कमी उणिवा होत्या?"

"होत्या. त्या सगळ्यांना माहीत होत्या. प्रत्येक वैमानिकाला माहीत होतं की दिवा धरावाच लागतो."

"मला भावाची काळजी नव्हती असं म्हणता तुम्ही?"

"होती," वहिनी म्हणाली. तिला त्याच्या बाजूनं बोलायचं नव्हतं, पण खोटंही बोलायचं नव्हतं. "तीही असेल. दोन्ही असेल. मला आता तुझ्यातलं वेगवेगळं करता येत नाही."

हे दादाला आबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तिनंही त्याला बघू दिलं.

मग ताई बोलली. एवढा वेळ ती फडक्याची घडी हातात घेऊन नुसती बसली होती. तिचा आवाज इतका शांत होता की पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही.

"पहिली तुकडी आली ना तळावर? डोळसची?"

"आली," बारक्या म्हणाला. "अहवालाची वाट न बघता मागच्याच आठवड्यात टांगली विमानांना."

"चिमणीच्या पण?"

चिमणी म्हणजे ताईची मुलगी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून चिमणी, आणि आता त्याच तळावरून, बारक्याच्याच तुकडीत, तेच विमान उडवायची. सध्या सीमेवरच्या लांब फेऱ्या नव्या वैमानिकांच्या वाट्याला होत्या. बारक्याच्या अपघातानंतर त्याच्याही फेऱ्या तीच करत होती.

"दादा," ताई म्हणाली, "माझ्या पोरीला सांगितलंस?"

दादानं मान खाली घातली. बारक्यानंही घातली, दादाचं नाव सांभाळताना हे त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"भाऊ तुझा. मग भाची कोणाची रे? तिला एक फोन का नाही केलास?"

"ती..." दादा अडखळला. "ती नियमानं चालणारी आहे. तुझ्यावर गेलीय. तिला सांगितलं असतं तर तिनं त्याच मिनिटाला वर कळवलं असतं."

यापेक्षा तो खोटं बोलला असता तर बरं, असं वहिनीला वाटलं. ताई उठली. तिला कोणीतरी धरावं असं सगळ्यांना वाटलं आणि कोणी पुढे झालं नाही. फडक्याची चौकोनी घडी तिनं दादाच्या समोर ठेवली.

"आमच्या विभागात एक पद्धत आहे," ती म्हणाली. "घडी घालताना ते पॅराशूट कोणाच्या आसनाखाली जाणार, हे घालणारीला सांगत नाहीत. विचारायचंसुद्धा नाही. चिमणी तळावर आल्यापासून मी रोज प्रत्येक पॅराशूट हे तिचंच आहे असं समजून दुमडते. सगळी तिचीच. आणि तू नावं बघून इशारा दिलास."

तिनं पर्समधून फोन काढला.

"ताई, थांब," दादा म्हणाला. "उद्या समितीपुढे मीच काहीतरी... रीतसर..."

"आज दुपारी फेरी आहे तिची. उद्यापर्यंत थांबायला सांगू सीमेला?"

"लाव," आबा म्हणाले.

ताईनं आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. वहिनी अजून उभीच होती. आता ती जाऊन दाराशी असलेल्या ताईच्या नेहमीच्या जागेवर उभी राहिली. तिथून बाहेर पडायचा रस्ता तेवढा एकच होता, आणि तो तिनं अडवलाय हे तिला स्वतःलाच उशिरा कळलं.

"बोल आई, पटकन." मागे भांड्यांसारखा लोखंडी खणखणाट ऐकू येत होता. "कपडे चढवतेय. खाली गाडी थांबलीय."

"मोठा मामा बोलतोय," ताई म्हणाली.

"मामा? काय रे, आज माझी आठवण? धाकट्याची पाठ बरी आहे ना?"

दादानं ओठ ओले केले. "बरी आहे. चिमणे, ऐक. लांबच्या फेरीत... मारायची वेळ आलीच तर सोडल्यावर लगेच वळू नकोस. शेवटपर्यंत दिवा धर."

"का पण? डोळस आहे ना?"

"गारठल्यावर त्याचा डोळा वेळेवर उघडेल याची... मला खात्री नाही."

खणखणाट थांबला. तिनं कुठलं तरी दार लावून घेतलं असावं. परत बोलली तेव्हा आवाज भाचीचा नव्हता, तळावरच्या वैमानिकाचा होता.

"मामा, हे तू मला सांगतोयस की कळवतोयस?"

"म्हणजे?"

"नुसतं सांगत असशील तर मी ऐकलंच नाही असं समज, कारण असं एकटीनं ऐकून मी उडणार नाही. माझ्यासोबत दुसरंही एक विमान असतं, त्यातल्याला मामा नाही. कळवत असशील तर तुझं नाव घालून आत्ताच्या आत्ता वर देते. मग डोळस घेऊन आज कोणीच उडणार नाही. बोल लवकर. खाली थांबलेत."

दादानं वर पाहिलं. सगळ्यांची तोंडं दिसावीत म्हणून धरलेल्या त्या जागेवरून त्याला आता सगळ्यांची तोंडं दिसत होती. आबा, ताई, दारातली वहिनी.

बारक्यानं टेबलावरचा फोन उचलला. पट्टा पोटात रुतत होता तरी तो पुढे वाकला आणि हात लांब करून त्यानं तो दादाच्या तोंडासमोर धरला. चेहऱ्यावर कळ उमटत होती. हात हलत नव्हता.

"मामा? आहेस ना?"

"आहे," दादा म्हणाला. त्याला फोनमागचा भावाचा हात दिसत होता. "कळवतोय. घे लिहून."